धुऱ्यावरून उतरलेलं जंगल : नागपूरजवळच्या ११ एकरांचं प्रकरण

कळमेश्वर तालुक्यात, काटोल रस्त्यापासून आत असलेल्या एका गावातलं हे वावर. सातबाऱ्यावर चार नावं आहेत : आई, दोन भाऊ आणि एक बहीण. क्षेत्र १४ एकर. त्यातले विहिरीलगतचे ३ एकर संत्र्याचे, ते थोरले भाऊ आजही स्वतः पाहतात. उरलेले ११ एकर वडील गेल्यावर ठेक्यानं दिलेले होते. पऱ्हाटीत (कापसात) तूर, मग काही वर्षं सोयाबीन. शेवटी ठेकेदारानंही हात वर केले. वरच्या भागात बियाण्याचा खर्च निघत नव्हता आणि खालच्या भागातलं उभं पीक रोही (नीलगायी) अन् रानडुकरं लोळवून जात होती. दोन हंगाम जमीन पडीत राहिली आणि लेआउटवाले, म्हणजे प्लॉट पाडून विकणारे, दारात येऊ लागले.

बहिणीला गावात सगळे ताई म्हणतात. त्या नागपुरात शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात विषय काढला : जमीन विकायची नाही, तिथं जंगल होऊ द्यायचं, आणि ते गावातल्या तसंच शहरातल्या माणसांना फिरायला खुलं ठेवायचं. आईचा होकार लगेच आला. थोरले भाऊ म्हणाले, करा, पण माझ्या संत्र्याला धक्का लागू देऊ नका. धाकटे भाऊ पुण्यात असतात. त्यांनी ना हो म्हटलं ना नाही.

आमचा छोटा गट लोकांच्या खासगी जमिनींवर झाडं, गवत आणि पाण्याचं काम करतो. ताईंनी आम्हाला बोलावलं तेव्हापासून पाच पावसाळे या जमिनीवर झाले आहेत. नागपूरभोवती अशी कुटुंबं आता गावागावात आहेत : जमीन आहे, कसणारं कोणी नाही, विकायचं जिवावर येतं. त्यांना सल्ला मात्र एकच मिळतो, खड्डे खणा आणि रोपं लावा. या जमिनीनं आम्हाला वेगळं दाखवलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. कुटुंबाच्या इच्छेनुसार गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत.

जमीन काय होती

पहिल्या फेरीत आम्ही कुदळ नेलीच नाही. या वावरात तीस वर्षं सालदारकी केलेल्या बाबांना सोबत घेतलं आणि धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, फिरलो. जमीन तीन जातीची आहे. वरचा उंचवटा बरडीचा, वीतभर मातीखाली मुरूम. मधला पट्टा मोरांड, म्हणजे मध्यम जमीन. खाली नाल्याकाठी खोल काळी कन्हार, जी ऑगस्टात पाणी धरून बसते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पाडते. दक्षिणेच्या धुऱ्याला लागून सरकारी झुडपी जंगल आहे.

झुडपी जंगल हा पूर्व विदर्भाचा खास प्रकार. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरातून आलेली ही नोंद. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात ती वनजमीनच मानायची असं सांगितलं. आमच्या प्रकरणात या शेजाराचा अर्थ अगदी व्यवहाराचा होता. तिथून बी येणार, पाखरं येणार, डुकरंही येणार, आणि गावच्या बकऱ्या आधीपासून तिथंच चरतात.

धुऱ्यांवर काय होतं ते जरा सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून आलं. वरच्या धुऱ्यावर जुने मोह आणि पळस. मधल्या धुऱ्यावर बोरी, हिवर, बाभळी, दोन चिंचा आणि कडुनिंब. त्यातल्या एका निंबाखाली माता मायचं ठाणं. नाल्याकाठी एक भलामोठा उंबर, करंज आणि शिंदीची बेटं. झुडपी जंगलाच्या बाजूला तेंदू, मोवई, धावडा आणि एखाददुसरा बेहडा. वावराच्या पोटात मात्र एकही उभं झाड नव्हतं. गाजरगवत, तरोटा, आघाडा आणि मधूनमधून पळसाचे बोटभर फुटवे, एवढंच.

त्या फुटव्यांकडे पाहून बाबा म्हणाले, "कितीकबी तोडा ना भाऊ, हा पळस मरत नाही. मालकानं अख्खा जन्म हेच केलं. दरसाली वखराखाली घ्यायचा, दरसाली उगवून यायचा."

दुसऱ्या दिवशी आम्ही एक फुटवा बाजूनं खणून पाहिला. वर हिरवी काडी करंगळीएवढी. वीतभर खाली खोडाचा गठ्ठा, त्यावर वखराच्या पात्याचे जुने व्रण एकावर एक चढलेले. त्याखालचं मूळ मनगटाएवढं जाड आणि सरळ मुरुमात उतरलेलं. वरचं झाड एका पावसाळ्याचं होतं, खालचं मात्र ताईंच्या वडिलांच्या वयाचं असावं. असे फुटवे बरडीत आणि मोरांडीत पावलोपावली होते. तेंदूचंही तसंच. त्याची मुळं आडवी पसरून जागोजागी कोंब वर काढतात. शेती थांबली म्हणजे झाडं शून्यापासून सुरू करायची, हा समज या जमिनीपुरता तिथंच मोडला.

तीन सूचना

घरातून आणि बाहेरून सूचना बऱ्याच आल्या. तीन गंभीर होत्या.

पहिली, मियावाकी पद्धत, म्हणजे थोड्या जागेत देशी झाडांची रोपं अगदी दाट लावायची. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञांची ही पद्धत आपल्याकडे शहरांत लोकप्रिय आहे. शाळेचं आवार किंवा कारखान्याची मोकळी जागा अशा गुंठ्याच्या हिशेबातल्या ठिकाणी ती मोलाची आहे. पण चौरस मीटरला ३ रोपं धरली तरी एकराला १२ हजारांवर रोपं लागतात आणि ११ एकरांना सव्वा लाखाच्या पुढे. शिवाय पहिली दोन-तीन वर्षं पाणी हवं. विहीर एकच, तीही संत्र्याची. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा वेळी सव्वा लाख रोपांचं पाणी कुठून आणायचं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

दुसरी सूचना धाकट्या भावांची, सागाची. उद्या पोरांच्या शिक्षणाला पैसा उभा राहील, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं आम्ही आदरानं ऐकलं. जमिनीवरचा हक्क सोडायला सांगायचा आणि भविष्याची काळजीही करू द्यायची नाही, असं चालत नाही. पण ११ एकर नुसता साग म्हणजे एकाच वयाच्या झाडांच्या रांगा. त्यांच्याखाली फारसं काही वाढत नाही आणि पाखरांना खायला काही मिळत नाही. शेवटी पांदणीच्या (शेतांमधल्या गाडीवाटेच्या) बाजूच्या एका धुऱ्यावर सागाची एक रांग त्यांच्या नावानं लावली. साग तोडायला परवानगी लागते, कारण १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत तो आहे. मोह, चिंच, आंबा, जांभूळ, ऐन, बिजा आणि हळदूही त्याच यादीत आहेत. म्हणून रांग लावली त्या वर्षीच सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घेतली.

तिसरी सूचना ताईंच्या भाच्याची. त्यानं इंग्लंडमधलं हार्टवूड फॉरेस्टचं उदाहरण आणलं. सेंट ऑल्बन्स शहराजवळ सँडरिज इथं वुडलँड ट्रस्ट या संस्थेनं २००८ मध्ये ३४७ हेक्टर जमीन घेतली, बहुतेक नांगराखालची, आणि लोकांच्या हातांनी सुमारे ६ लाख झाडं लावली. मधे जुन्या वनाचे तुकडे होते, ते तसेच राखले, काही जागा गवताळ ठेवली आणि सगळं पायी फिरायला खुलं केलं. आम्हाला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की जुने तुकडे आधी सांभाळले आणि नवं वन त्यांच्याभोवती उभं केलं.

त्याच देशातलं दुसरं एक उदाहरण आम्ही पुढे ठेवलं. केंब्रिजशरमध्ये मंक्स वूड या जुन्या वनाला लागून असलेलं जवाचं एक शेत १९६१ मध्ये नांगरून सोडून दिलं. कोणी काही लावलं नाही, कुंपणही घातलं नाही. वाऱ्यानं बी आलं, पाखरांनी आणलं, आणि ओकच्या बिया जे नावाच्या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यानं आणि उंदरांनी जमिनीत पुरून ठेवल्या. आधी काटेरी झुडपं माजली, त्यांच्या आडोशानं ओक वाढले, आणि काही दशकांत तिथं खरंखुरं वन उभं राहिलं. याला कारण एकच : जुनं वन अगदी धुऱ्याला लागून होतं.

इंग्लंडचा पाऊस बारमाही, आपला बहुतेक चार महिन्यांचा. तिकडे बकऱ्या नाहीत आणि वणवाही आपल्यासारखा नाही. म्हणून ते जसंच्या तसं इथं चालणार नाही. पण बी कुठून येणार, हा प्रश्न दोन्हीकडे पहिला आहे. आमच्याकडे त्याचं उत्तर धुऱ्यावर उभं होतं.

काय केलं, काय सोडलं

ठरलं ते असं. बरडी आणि मोरांडीच्या सुमारे ६ एकरांत काही लावायचं नाही, फक्त राखायचं. उतारावर सलग समतल चर काढायचे, म्हणजे पाणी तिथंच मुरेल. बरडीच्या माथ्यावरचा तुकडा गवताचा ठेवायचा आणि तिथं झाड आलं तरी विरळच राहू द्यायचं. तितर, लावा आणि चंडोल जमिनीवर घरटी करतात. सगळीकडे झाडी झाली तर त्यांनी जायचं कुठं? निसर्गासाठी जमीन सोडायची आणि तिथं राहणाऱ्या पाखरांनाच हुसकायचं, हे आम्हाला पटणारं नव्हतं. ही जागा मोकळी का ठेवली, असा प्रश्न आजही जवळपास प्रत्येक पाहुणा विचारतो.

लावणी केली ती फक्त खालच्या कन्हारात, कारण तिथं नांगर खोल चाललेला, जिवंत मुळं उरलेली नव्हती आणि आई-झाडंही लांब. तिथंही खड्डा न करता उंचवटे केले. कन्हारात खड्डा म्हणजे ऑगस्टात पाण्याची कुंडी, रोपाचं मूळ सडलंच. नाल्याकाठी अर्जुन, करंज आणि जांभूळ. आत चिंच, बेल, बहावा, बेहडा. उन्हाळ्यातल्या भेगा मुळं तोडतात, म्हणून बुडाशी पऱ्हाट्या आणि तुरकाठ्यांचं जाड आच्छादन घातलं.

मोह आणि कडुनिंबाचं मात्र रोप आणलंच नाही, बी टोकलं. या दोघांचं बी फार दिवस टिकत नाही. ते झाडाखालून उचललं की लगेच, मृगाच्या पहिल्या सरींबरोबर मातीत जायला हवं. गावातल्या पोरांनी मोहाचं बी गोळा केलं, त्याची मजुरी ताईंनी रोख दिली. बी टोकलं ते बोरीच्या काट्यांच्या आत, बकरीचं तोंड पोचणार नाही अशा जागी.

पहिल्या पावसाळ्यात वावर पाहून ताईंचे नातेवाईक हिरमुसले. शेतीच्या खतानं पोसलेल्या मातीत गाजरगवत छातीला लागलं होतं. फुलावर येण्याआधी ते उपटण्याचं काम दोन वर्षं चाललं आणि सगळ्यात जास्त मजुरी त्यावरच गेली. दुसऱ्या वर्षापासून कुसळी आणि मारवेल वर चढलं आणि गाजरगवत मागे हटलं. तिसऱ्या वर्षी पळसाचे फुटवे माणसाच्या कमरेच्या वर गेले, आणि मग जे व्हायला हवं होतं ते व्हायला लागलं. पाखरं वावराच्या मधोमध बसायला जागा शोधतात. पळसानं ती दिली. त्या वर्षी पळसांच्या बुडाशी कडुनिंबाची आणि बोरीची रोपं दिसू लागली. मधल्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली बकऱ्या बसत, त्यांच्या लेंड्यांतून बाभूळ वावरात उतरली. पळसाला गुरं-बकऱ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून त्याच्याखालची रोपं वाचतात. कास्तकाराच्या डोळ्यांत पिढ्यानपिढ्या सलत आलेलं हे झाड इथं दाईचं काम करत होतं.

रायमुनियाही (घाणेरी) आला, तोही पाखरांनीच आणला. झुडपी जंगलाच्या बाजूनं तो दर पावसाळ्यात मुळासकट काढावा लागतो. जंगल आपोआप येतं म्हणजे माणसाला काम उरत नाही असं नाही. इथं काम लावण्याकडून राखण्याकडे सरकलं, एवढंच.

जंगल कोणाला खुलं

ताईंच्या मनात फिरायला येणारी माणसं म्हणजे नागपूरची होती. सेमिनरी हिल्स, अंबाझरी आणि गोरेवाड्याला सकाळी किती माणसं चालायला जातात ते शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण या वावरात माणसं आधीपासून चालत होतीच. बकऱ्या राखणाऱ्या बाया, सरपण नेणाऱ्या, मोह वेचणारी चार घरं, बोरं खायला येणारी पोरं, आषाढात माता मायला येणारं अख्खं गाव आणि पोळ्याला दाराशी ठेवायला पळसाचे मेढे तोडणारे लोक. पडीत जमिनीवर यांना कोणी अडवत नव्हतं. जंगल म्हटल्यावर मात्र पहिली शंका त्यांच्याच मनात आली.

ग्रामसभेत एक बाई उभी राहून म्हणाली, "तुमचं जंगल होईन ताई, चांगलंच होईन. पण आमच्या बकऱ्या कुठं जातीन ते सांगा आधी."

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच होता. ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्यांच्याच बकऱ्या असतात. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द महाराष्ट्राला चांगले माहीत आहेत, आणि कित्येक गावांत त्यातून डोंगर हिरवे झाले. पण बंदीचा भार भूमिहीनांवरच पडला तर रात्री कुंपण तुटतं आणि दिवसा कोणी काही पाहिलेलं नसतं. तारेचं कुंपण घालायची सूचना आली होती. ताईंनी ती फेटाळली. त्या पैशात दोन वर्षांची मजुरी होते, असं त्यांनी सांगितलं.

बरीच बोलणी होऊन जे ठरलं ते ग्रामसभेच्या वहीत लिहिलं. ६ एकरांचे दोन भाग. एक बंद, दुसरा पावसाळा सोडून चराईला खुला. बंद भागातली रोपं बकरीचं तोंड पोचणार नाही इतकी उंच झाली की आलटापालट. बंद भागातलं गवत कापून न्यायला कोणालाही मुभा, पण दिवाळीनंतरच, म्हणजे घरटी मोडत नाहीत आणि गवताचं बीही पडून जातं. सरपणासाठी पडलेली काटकी चालेल, ओली फांदी नाही. पोळ्याचे मेढे मधल्या धुऱ्याच्या दोन ठरलेल्या पळसांवरून घ्यायचे. मोह वेचणारी घरं आधी मालकाला अर्धा हिस्सा देत. ताईंनी तो सोडला आणि बदल्यात मार्च-एप्रिलमध्ये आगीवर नजर ठेवायची जबाबदारी त्या चार घरांनी घेतली.

शहरातून येणाऱ्यांसाठी फाटक नाही, तिकीटही नाही. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवायची आणि गावनकाशावरच्या जुन्या पांदणीनं चालत यायचं. सुरुवातीला रविवारी स्पीकर आणि प्लास्टिकच्या ताटल्या घेऊन टोळकी आली. गाडी आत जात नाही हे कळल्यावर ती गळाली. पांदणीवर थोडं अतिक्रमण होतं. दोन्ही बाजूंच्या कास्तकारांना बरोबर घेऊन मोजणी केली आणि ते मिटलं. पांदण मोकळी झाल्याचा सगळ्यात मोठा फायदा त्यांच्याच ट्रॅक्टरना झाला. जुलै-ऑगस्टात कन्हारातला चिखल गुडघाभर असतो, तेव्हा फिरणं आपसूक बंद होतं. म्हाताऱ्या माणसांना पांदण झेपत नाही म्हणून रस्त्यापासून माता मायच्या निंबापर्यंतच्या तुकड्यावर मुरूम टाकून रुळवाट केली. तिथं बसायला जुन्या गोठ्याचा दगडी चौथरा आहे. त्यापलीकडे काही बांधायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरलं. झाडं वाढवली म्हणून शेतजमीन अकृषिक होत नाही. खोल्या, कॅन्टीन आणि गाड्यांचा तळ आला की अकृषिक वापराचा प्रश्न उभा राहतो.

आग, आणि तिच्यानंतर

चौथ्या वर्षी एप्रिलच्या एका दुपारी शेजारच्या वावरात गव्हाची धसकटं पेटवली होती. वारा फिरला आणि आग धुरा ओलांडून आली. बरडीचा काही भाग आणि कन्हारातली बरीच लावणी जळाली. वनविभागाच्या हिशेबात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम असतो. जाळरेषा, म्हणजे आग अडवायचे मोकळे पट्टे, आम्ही झुडपी जंगलाच्या बाजूनं काढल्या होत्या, आग आली ती कास्तकारीच्या बाजूनं.

नुकसान मोठं होतं, आणि ते पाहताना ताईंना रडू आवरलं नाही. पण जूनमध्ये पाऊस पडल्यावर जे दिसलं त्यानं आमचं पुढचं सगळं नियोजन बदललं. हातानं लावलेली, पाणी घातलेली, आच्छादन केलेली रोपं बहुतेक गेली. आच्छादनाच्या पऱ्हाट्यांनी तर आग आणखी धरून ठेवली होती. पळस, तेंदू, बोर आणि हिवर बुडातून पुन्हा फुटले. काट्यांत टोकलेल्या मोहाच्या रोपांतलीही काही वर आली, कारण मोहाचं रोप आधी मूळ खाली घालतं आणि मग वर वाढतं. ज्याची मुळं खोल, ते टिकलं. लावणीचा आकडा फलकावर लिहायला सोपा असतो, पण आगीतून उरतं ते मूळ, आणि ते रोपवाटिकेच्या पिशवीत वाढत नाही.

त्यानंतर चारही बाजूंनी जाळरेषा आल्या, दर फेब्रुवारीत गवत कापून, झाडून. शेजाऱ्यांच्या बाजूची रेषा आम्ही मुद्दाम रुंद ठेवली. त्यांची दुसरी तक्रारही रास्त होती : तुमच्या झाडीत डुकरं लपतात आणि रात्री आमच्या हरभऱ्यात उतरतात. मोकळ्या पट्ट्यामुळे डुकराला थेट आडोशातून पिकात उतरता येत नाही आणि धुऱ्याची सावलीही त्यांच्या पिकावर पडत नाही. डुकरं त्यामुळे थांबली असं मी म्हणणार नाही. पीक नुकसानीची भरपाई मागायची तर शेजाऱ्यांबरोबर अर्ज भरायला आमच्यातलं कोणीतरी जातं, एवढं आम्ही बांधून घेतलं आहे.

मोहाची आग हा वेगळाच विषय. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून वेचणारे झाडाखालचा पाचोळा आधीच पेटवून देतात. विदर्भातल्या कितीतरी वणव्यांची सुरुवात अशी होते. इथं त्या चार घरांनी झाडाखाली जुनी लुगडी शिवून अंथरायला सुरुवात केली. फुलं स्वच्छ मिळतात, मातीत लोळत नाहीत, व्यापारी भाव चार पैसे जास्त देतो. त्यामुळे ही पद्धत कोणी सांगायला न जाता शेजारच्या दोन धुऱ्यांवरही पोचली.

संत्र्याचं काय

थोरल्या भावांची अट सगळ्यांत अवघड निघाली. संत्र्याच्या आंबिया बहारावर पावसाळ्याच्या शेवटी रस शोषणारा पतंग येतो. तो रात्री पिकत आलेल्या फळाला सोंडेनं भोक पाडतो आणि फळ सडून गळतं. या पतंगाची अळी संत्र्यावर वाढतच नाही, ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीवर. आणि झाडी राखली की धुऱ्यावर पहिल्यांदा चढतात त्या याच वेली. म्हणजे आमचं जंगल भाऊंच्या बागेचा शत्रू पोसत होतं.

तिसऱ्या वर्षी गळ वाढली तेव्हा भाऊंनी कोणालाही दोष न देता एवढंच विचारलं, "आता काय करता?" बागेच्या बाजूचा पट्टा आम्ही वेलमुक्त ठेवायचा ठरवला. ऑगस्ट लागण्याआधी त्या पट्ट्यातली गुळवेल आणि वासनवेल मुळासकट काढायची, बागेत गळलेली फळं रोज उचलून पुरायची. गुळवेल आत, झुडपी जंगलाच्या बाजूला भरपूर आहे, तिथं तिला हात लावत नाही. गळ पूर्ण थांबलेली नाही, पण भाऊंनी अट मागे घेतली. संत्र्याच्या पट्ट्यात कोणी खासगी वन उभारत असेल तर त्यानं ही गोष्ट पहिल्या दिवशी विचारात घ्यावी.

कागद

गावात आणि घरातही एक भीती सतत होती : झाडं वाढली की सरकार जमीन घेईल. ती हवेतून आलेली नाही. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियमानं त्या वर्षी ३० ऑगस्टला खासगी वनं शासनाकडे गेली, हे जुन्या लोकांना आठवतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर मालकी कोणाचीही असली तरी जमीन 'वन' ठरू शकते, हेही वकिलांनी सांगितलं. म्हणून पहिल्या दिवसापासून पुरावा जपला. मागच्या वर्षांच्या पिकांच्या नोंदी असलेले सातबारे, सुरुवातीचे फोटो आणि दर हंगामात ई-पीक पाहणीत पड आणि झाडांची खरी नोंद. ही कसलेली जमीन होती आणि झाडी मालकानं स्वखुशीनं वाढवली, हे कागदावर स्पष्ट असायला हवं.

उलट बाजूचा प्रश्न जास्त अवघड आहे : ताईंच्या माघारी हे जंगल टिकणार कसं? बक्षीसपत्रात 'कधीही विकू नये' असं लिहून भागत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १० नुसार हस्तांतरणावरची संपूर्ण बंदी रद्दबातल ठरते. विश्वस्त संस्थेला द्यायची तर विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळवहिवाट कायद्यातलं कलम ८९ आडवं येतं, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. उरतो तो वन्यजीव संरक्षण अधिनियमातला समुदाय राखीव क्षेत्राचा मार्ग, कलम ३६-सी. तो २००२ च्या दुरुस्तीनं आला. त्यात मालकी मालकाकडेच राहते, पण अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. लोकांच्या वहिवाटीचे नियमही समितीच्या आराखड्यात लिहिता येतात. ताईंना हाच मार्ग पटला आहे. बकऱ्यावाल्या बायांपैकी दोघी आणि मोह वेचणाऱ्या घरांतला एक जण समितीत हवा, हे ग्रामसभेत आधीच ठरलं आहे.

त्यासाठी चारही नावांचा होकार लागेल. आई, ताई आणि थोरले भाऊ तयार आहेत. धाकट्या भावांना विचार करायला वेळ हवा आहे आणि त्यांच्यावर कोणी दबाव आणलेला नाही. त्यांचा होकार आला तर प्रस्ताव दिवाळीनंतर वनविभागाकडे जाईल. नाही आला तर त्यांच्या वाट्याचे साडेतीन एकर मोजून वेगळे काढायचे. ते नाल्याच्या बाजूचे असावेत, वरच्या बरडीचे नकोत, एवढंच ताईंचं मागणं आहे, कारण मोहा-पळसाचा तो धुरा तुटला तर बी जिथून येतं ती बाजूच जाईल.